ताटाएवढा कोळी, काचेची पेटी आणि आपले वावर

कोणी कुत्रा पाळतो, कोणी मांजर पाळतो, कोणाच्या अंगणात चार कोंबड्या नि एखादी शेळी असते. या पाळण्यात काही हिशेब असतो. कुत्रा राखण करतो, कोंबडी अंडी देते, शेळी अडीअडचणीला विकता येते. पण कोळी? ज्याचे जाळे कोपऱ्यात दिसले की आपल्या आयाबहिणी झाडू घेऊन धावतात, तो कोळी कोणी काचेच्या पेटीत ठेवतो, त्याला खाऊ घालतो, वीस-वीस वर्षे सांभाळतो, असे सांगितले तर वाचकांना थट्टा वाटेल. परंतु ही थट्टा नव्हे. युरोप-अमेरिकेत ही हौस जुनी आहे. त्यांच्या संस्था आहेत, मेळावे आहेत, बाजार आहे. आणि आता मोबाइलच्या पडद्यावरून ती आपल्याकडच्या पोरांपर्यंतही येऊन पोहोचली आहे. पुसद असो की दारव्हा, दहावी-बारावीतल्या पोराच्या हातात मोबाइल आहे आणि त्यावर तळहाताएवढा केसाळ कोळी अंगावर खेळवणारी माणसे दिसतात. मग घरात प्रश्न येतो : बाबा, हा आपल्याकडे मिळतो काय?

या प्रश्नाला ‘चूप बस’ हे उत्तर नाही. पोराने विचारले हे चांगलेच आहे. उत्तर मात्र नीट द्यायला हवे, म्हणून हा लेख.

या मोठ्या केसाळ कोळ्यांना जगभर टरांटुला म्हणतात. नाव इटलीतल्या टारांटो या गावावरून आले. गंमत अशी की, तिथला मूळ टरांटुला हा वेगळ्याच कुळातला, जमिनीवर धावणारा कोळी आहे. त्याने चावा घेतला तर माणसाने नाचून विष उतरवायचे, अशी तिथली जुनी समजूत होती. पुढे युरोपचे लोक अमेरिका खंडात गेले, तिथे त्यांना त्याहून कितीतरी मोठे कोळी दिसले आणि हेच नाव त्यांना चिकटले. दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला मारिया सिबिला मेरियन नावाची एक बाई आपल्या धाकट्या मुलीला सोबत घेऊन १६९९ साली गेली. किडे, सुरवंट, फुलपाखरे जिवंत पाहून त्यांची चित्रे काढणे हे तिचे काम. बाईमाणसाने समुद्र ओलांडून किडे पाहायला जाणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती! १७०५ साली निघालेल्या तिच्या ग्रंथात पेरूच्या झाडावर बसून छोटा पक्षी खाणारा कोळी आहे. कित्येकांना ते खोटे वाटले. पण त्या चित्रावरून ‘पक्षी खाणारा कोळी’ हे नाव रूढ झाले. खरे पाहता हे कोळी पक्षी क्वचितच खातात; त्यांचे रोजचे अन्न म्हणजे किडे, गांडुळे, एखादा बेडूक.

यातला सर्वांत मोठा ‘गोलायथ’ नावाचा. व्हेनेझुएला, गयाना, सुरीनाम, ब्राझीलच्या उत्तरेचे ओले रान हे त्याचे घर. पाय पसरले की तो जवळजवळ २८ सेंटिमीटर भरतो, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढा. वजन पावणेदोनशे ग्रॅमपर्यंत जाते. तिथले पिआरोआ आदिवासी त्याचे केस विस्तवावर जाळून त्याला भाजून खातात. ज्याला एकाने भ्यावे, दुसऱ्याने पाळावे, तो तिसऱ्याच्या घरी कालवण असतो!

पाळणाऱ्यांचा आवडता मात्र हा गोलायथ नाही. तो चिडका. त्यांचा आवडता चिलीच्या कोरड्या मुलखातला गुलाबी झाक असलेला शांत कोळी, किंवा झाडावर राहणारे, पायांची टोके गुलाबी असलेले ब्राझील-गयानाकडचे कोळी. दक्षिण अमेरिकेच्या थोडे वर, मेक्सिकोत, गुडघ्यांवर लाल-नारिंगी पट्टे असणारा कोळी राहतो. सिनेमात, जाहिरातीत बहुधा तोच दिसतो.

पाळतात कसे, तेही सांगतो. काचेची किंवा प्लास्टिकची पेटी, तिला हवा जाण्यापुरती बारीक भोके, घट्ट झाकण. तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा माती चार-पाच बोटे जाडीची, लपायला झाडाची साल किंवा फुटक्या मडक्याचा तुकडा, आणि पाण्याची उथळ वाटी. खायला आठवड्यातून एक-दोन रातकिडे किंवा झुरळे. बस्स. भुंकणे नाही, फिरवायला नेणे नाही, वास नाही. शहरात एका खोलीत राहणाऱ्या माणसाला ही हौस का परवडते, ते यावरून कळेल. एका पेटीत एकच ठेवावा लागतो, कारण दोन ठेवले तर सकाळी बहुधा एकच उरतो. पेटी उंच असून चालत नाही; जमिनीवर राहणारा जाड पोटाचा कोळी हातभर उंचीवरून पडला तरी त्याचे पोट फुटते आणि तो मरतो. हातावर घेऊन फोटो काढणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

त्याचे सगळ्यात नवलाचे काम म्हणजे कात टाकणे. त्याची हाडे आत नसून कवच बाहेर असते, आणि कवच वाढत नाही. म्हणून वाढायचे तर जुने कवच उतरवावे लागते. कात टाकायच्या आधी तो कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने अन्नाला शिवत नाही. मग एक दिवस पाठीवर उताणा पडतो. नवखा मालक समजतो, मेला! पुष्कळांनी घाबरून त्याला उलथे केले, हलवले, आणि त्यातच तो खरोखर मेला. हात न लावता थांबले तर काही तासांत जुने कवच झाकणासारखे उघडते आणि पाय एकेक करून, मोज्यातून काढावेत तसे, बाहेर निघतात. तुटलेला पायसुद्धा पुढच्या एक-दोन कातींत परत फुटतो. टाकलेली कात इतकी हुबेहूब असते की पेटीत दोन कोळी झाले असे वाटावे.

मादी वीस वर्षे आणि त्याहून अधिक जगते. नर काही वर्षांत वयात येतो, मादीच्या शोधात निघतो, आणि त्यानंतर फार तर वर्ष-दीड वर्षाचा सोबती असतो. विकत घेताना पिलू नखाएवढे असते. ते नर की मादी हे ओळखता येत नाही, म्हणजे दोन-तीन वर्षांचा जीव घेतला की वीस वर्षांचा, हे घेणाऱ्याला ठाऊकच नसते. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कुत्रा मालकाला ओळखतो, टरांटुला ओळखत नाही. त्याला आठ डोळे असून नीट दिसत नाही. पायांवरच्या केसांनी जमिनीची थरथर जाणून तो जगतो. आपला हात म्हणजे त्याच्या लेखी गरम, हलणारी जमीन. ‘माझा टरांटुला माझ्यावर प्रेम करतो’ म्हणणाऱ्यांनी स्वतःची समजूत काढून घेतली आहे, इतकेच.

तो चावतो काय? चावतो, पण अमेरिका खंडातल्या या कोळ्यांचे मुख्य हत्यार वेगळे आहे. पोटाच्या मागच्या भागावर काटेरी बारीक केस असतात. चिडला की मागच्या पायाने घासून तो ते हवेत उडवतो. कातडीला लागले तर खाजकुइलीसारखी आग. डोळ्यात गेले तर प्रकरण कठीण. इंग्लंडमधील लीड्स येथे एक तरुण पेटी पुसत असताना त्याच्या चिलीच्या कोळ्याने केसांचा फवारा सोडला. काही आठवडे डोळा लाल, पाणी गळते. शेवटी डॉक्टरांनी भिंगाखाली पाहिले तर बुबुळात बारीक केस रुतलेले! ही हकीकत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. ज्या घरात एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि लेकराची झोळी असते, त्या घराने हे लक्षात ठेवावे.

विषाने मात्र माणूस मेल्याची एकही पक्की नोंद जगात नाही. उलट त्या विषातून विज्ञानाला पुष्कळ मिळाले. त्रिनिदादच्या एका टरांटुलाचे विष तपासताना शास्त्रज्ञांना २००६ साली आढळले की, त्यातला एक पदार्थ आपल्या मज्जातंतूंवरच्या ज्या जागेला जाऊन भिडतो, त्याच जागेला मिरचीचा तिखटपणाही भिडतो. म्हणजे ठेचा खाताना तोंडाला लागणारी आग आणि त्या कोळ्याच्या चाव्याची आग एकाच दारातून आत येते. हे दार ज्यांनी शोधले त्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इथवर वाचून एखाद्या पोराची हौस वाढली असेल. आता दुसरी बाजू.

हे कोळी बाजारात येतात कुठून? काही पैदास केलेले असतात, हे खरे. एका मादीला शेकडो पिले होतात. पण कित्येक रानातून, बिळे उकरून काढलेले असतात. जी मादी सात-आठ वर्षांनी वयात येते, तीच खणून नेली तर मागे काय राहणार? मेक्सिकोचा लाल गुडघ्याचा कोळी असाच ओरबाडला गेला. म्हणून १९८५ साली त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली, ज्याला साइट्स म्हणतात, आणावा लागला. पुढे त्याची सगळी जातच त्यात आली. तरी चोरटा धंदा चालूच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये कोलंबियात बोगोटाच्या विमानतळावर दोन जर्मन माणसांच्या सामानात २३२ टरांटुला सापडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरूची राजधानी लिमा येथे एक दक्षिण कोरियाचा प्रवासी पकडला गेला. त्याचे पोट जरा जास्तच फुगलेले दिसले. पाहतात तर अंगाला पट्टे बांधलेले, आणि त्यांत ३२० टरांटुला, ११० घोणी आणि मोठ्या विषारी मुंग्या!

हे सगळे दूरदेशचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या विदेशी टपाल कचेरीत पोलंडहून आलेले एक पार्सल कस्टम अधिकाऱ्यांनी उघडले. तामिळनाडूतल्या अरुप्पुकोट्टई या गावच्या माणसाच्या नावे ते होते. आत थर्माकोलचा डबा. डब्यात चांदीच्या कागदात नि कापसात गुंडाळलेल्या १०७ इवल्या प्लास्टिकच्या कुप्या, आणि प्रत्येक कुपीत एक जिवंत कोळी. प्राणिशास्त्र सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी पाहून सांगितले, हे अमेरिका खंडातले टरांटुला. आयातीचा परवाना नाही, आरोग्याचा दाखला नाही. पार्सल जप्त झाले आणि पोलंडला परत धाडण्यासाठी टपाल खात्याच्या हवाली केले गेले. अरुप्पुकोट्टई हे काही मुंबई-दिल्ली नव्हे; सूतगिरण्यांचे, विणकरांचे, आपल्या वणी-पुसदसारखेच तालुक्याचे गाव आहे. म्हणून म्हणतो, ही हौस कुठेही पोहोचते.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात पाहू. परदेशातून जिवंत प्राणी परवान्याशिवाय आणता येत नाही, मग तो टपालाने येवो की पिशवीतून. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने, ज्यांच्याकडे असे विदेशी प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत स्वतःहून कळवावे, कागद विचारणार नाही, अशी सवलत दिली होती. ती केव्हाच संपली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. तिच्याप्रमाणे साइट्सच्या यादीतला प्राणी घरी असेल तर त्याची नोंदणी करावी लागते. त्याला पिले झाली, तो मेला, कोणाला दिला, तर तेही कळवावे लागते. त्यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. विकणारा मोबाइलवर ‘कागद लागत नाही दादा’ म्हणतो. पार्सलवर नाव घेणाऱ्याचे असते, विकणाऱ्याचे नसते. ज्याच्या मागे वकील लावायला पैसा आहे तो सुटेलही. हमाली करून, रोजमजुरीला जाऊन पोराला शिकवणाऱ्या बापाने कोर्टाच्या किती चकरा माराव्या?

या व्यवहाराची उलटी बाजू तर आणखी बोलकी आहे. आपण त्यांच्या कोळ्याची हौस करतो, आणि ते आपल्या कोळ्याची! आंध्र प्रदेशात अनंतपूरजवळ गुत्ती नावाचे रेल्वे जंक्शन आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत एक कोळी सापडला; लांबच्या रानातून ओंडक्यांसोबत तो तिथे आला असावा. १८९९ साली पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन छापले. रंग कसा? मोरपिसासारखा झगझगीत निळा. त्यानंतर शंभर वर्षे तो कोणाला दिसला नाही. २००१ च्या सुमारास नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या रानात तो पुन्हा आढळला. जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो. त्याचे सगळे राज्य शंभर चौरस किलोमीटरहूनही लहान, आणि सरपणासाठी, लाकडासाठी तेही कमी होत चाललेले. २००८ पासून तो जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. आज युरोप-अमेरिकेच्या काचपेट्यांत त्याची पैदास चालते, मोठ्या किमतीला तो विकला जातो. आणि ज्या तेलुगू मुलखातला तो आहे, तिथल्या पोरांनी तो पाहिलेलाही नसतो. या कुळातले भारत-श्रीलंकेचे सगळे कोळी २०१९ साली साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतले गेले. आपल्याकडे सह्याद्रीतही टरांटुलाच्या जाती आहेत. आंबोलीच्या रानातल्या एकीचे नाव तर २०१४ साली आंबोलीवरूनच ठेवले गेले. आपल्या या कोळ्यांजवळ उडवायचे काटेरी केस नसतात, त्यामुळे ते थेट चावतात, आणि झाडावर राहणाऱ्यांच्या चाव्याने स्नायूंत गोळे येऊन काही दिवस मोठी वेदना होते. कुठे दिसले तर हात लावू नये, बिळात काडी घालू नये.

हौसेइतकीच भीतीही माणसाला फसवते. मे २०१२ मध्ये आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातल्या सदिया भागात मोठ्या केसाळ कोळ्यांनी चावे घेतले, दोन माणसे मेली, अशा बातम्या साऱ्या जगात झळकल्या. हा कोळी टरांटुलाच्या कुळातला असावा, असे तिथे गेलेल्या प्राणिशास्त्रज्ञांना वाटले. पण पुढे जे समोर आले ते जास्त महत्त्वाचे आहे. चावलेले लोक आधी दवाखान्यात गेलेच नव्हते, ते गेले ओझाकडे, म्हणजे आपल्याकडच्या मांत्रिकाकडे. त्याने जखम पत्त्याने चिरून ‘विषारी रक्त’ काढले. मेलेल्यांचे शवविच्छेदन होण्याआधीच अंत्यसंस्कार उरकले होते. कोळ्याने मारले की गंजक्या पत्त्याने, कोण सांगणार?

आपल्याकडे अंगावर पाण्याचे फोड उठले की ‘मकडी मुतली’ म्हणून गेरू लावणारे, मंतरलेली राख फासणारे अजून आहेत. कोळी असा अंगावर मुतत नसतो. ते फोड पुष्कळदा नागीण नावाच्या रोगाचे असतात, तो विषाणूमुळे होतो आणि त्यावर गोळ्या आहेत. किंवा दिव्याभोवती येणारा एक बारीक लाल-काळा किडा अंगावर चिरडल्याने तसे होते. आणि खरी भीती बाळगायचीच तर ती कोळ्याच्या चुलतभावाची, विंचवाची. लाल विंचू, ज्याला आपल्या भागात इच्चू म्हणतो, तो लेकरांचा जीव घेतो. कोकणात महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाचा अभ्यास केला. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या गरीब घरातला हा माणूस, हॉटेलात काम करून शिकलेला. रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचूदंशावर कसे चालते, हे त्यांनी दाखवून दिले. पूर्वी गंभीर रुग्णांतले शंभरात तीस दगावत. ते प्रमाण दोन-तीनांवर आले. त्यांचे १९८२ पासूनचे लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तर स्पष्ट लिहिले आहे : साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. ज्या घरात लहान लेकरे आहेत त्यांनी हे कलम पाठ करावे.

आता आपल्या वावरात येऊ. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात टरांटुलासाठी पोलंडकडे पाहायची गरज नाही, कोळ्यांची इतकी दौलत आपल्या डोळ्यांसमोर आहे. दिवाळीच्या सुमारास भल्या पहाटे वेचणीला जाणाऱ्या बाया पऱ्हाटीत शिरतात तेव्हा दहिवराने भिजलेली चाकासारखी जाळी झाडाझाडांत चमकत असतात. ती विणणारा कोळी संध्याकाळी जाळे विणतो, कधी सकाळी ते स्वतःच गिळून टाकतो आणि रात्री नवे करतो. पानांवर काटेरी पायांचा, टुणकन उडी मारणारा कोळी असतो. तो जाळे विणतच नाही, मांजरासारखा झडप घालतो. पात्या-फुलांत खेकड्यासारखा तिरपा चालणारा लपून बसतो. तुडतुडे, पांढरी माशी, मावा, बोंडअळीचे पतंग, तिच्या बारीक अळ्या हा यांचा आहार. बोंडाच्या आत शिरलेली गुलाबी अळी त्यांच्या हाती लागत नाही, हेही खरे; कोळी काही सर्वज्ञ नाही. पण जे काम तो करतो त्याची मजुरी मागत नाही.

आणि त्याचे वैरी कोण? आपलाच फवारा. २०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरू शकत नाही. पुरुषभर उंच वाढलेल्या पऱ्हाटीत, तोंडाला फडके बांधून, दोन-तीन औषधे एकत्र करून फवारणारे मजूर विषबाधेने कोसळले. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली, कित्येकांची नजर अधू झाली. मेले ते बहुतेक दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारे होते, आपल्याच वस्त्यांतले. जे औषध माणसाला आडवे करते ते पानावरच्या कोळ्याला काय सोडणार? तो मेला की पुढची अळी मोकाट, आणि पुन्हा फवारा. कोळ्याकडे बघायला शिकणे हे आपल्या माणसांच्या जिवाशी निगडित आहे ते असे.

बघायला शिकवणारेही जवळच आहेत. अमरावती जिल्ह्यात दर्यापूरच्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयात कोळ्यांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. तालुक्याच्या गावी, साध्या कॉलेजात! मेळघाटच्या रानापासून शेताच्या धुऱ्यापर्यंतचे कोळी तिथल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासले आहेत. ज्या पोराला टरांटुला हवा आहे त्याने बारावीनंतर प्राणिशास्त्र घ्यायचा विचार जरूर करावा.

पेटीत न कोंडता कोळ्याची ओळख किती खोल होऊ शकते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या बार्बरा यॉर्क मेन या बाईंचे. गव्हाच्या शेतीत वाढलेली शेतकऱ्याची मुलगी. पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातून प्राणिशास्त्रात पीएच. डी. मिळवणारी पहिली स्त्री. टरांटुलाच्या नात्यातला, बिळाला झाकण लावून राहणारा एक कोळी तिकडे असतो. १९७४ साली बाईंनी एका राखलेल्या रानात अशा बिळांशेजारी नंबर घातलेल्या खुंट्या ठोकल्या. दरवर्षी जायचे, झाकण अलगद उचलायचे, आतली मादी जिवंत आहे काय ते पाहायचे आणि वहीत लिहायचे. एवढेच काम, पण चाळीस वर्षे! सोळा नंबरच्या बिळातली मादी वर्षामागून वर्षे तिथेच. बाई म्हाताऱ्या झाल्या, काम तरुण सहकारिणीच्या हाती गेले. २०१६ च्या ऑक्टोबरात ती गेली तेव्हा सोळा नंबरच्या झाकणाला भोक पडलेले होते. गांधीलमाशीने आत शिरून डाव साधला होता. ती मादी ४३ वर्षे जगली. जगात इतके जगलेला दुसरा कोळी नोंदला गेलेला नाही. काचपेटीतला एकही तिच्या जवळपास येत नाही.

खुंटी आणि वही, यापलीकडे खर्च काय आला?

तर ज्या पोरांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी. घराच्या भिंतीवर रात्री दिसणारा मोठा, चपटा, तपकिरी कोळी निवडा. लोक त्याला पाहून किंचाळतात, पण तो झुरळे खातो आणि आपण होऊन माणसाच्या वाटेला जात नाही. मादी असेल तर कधीतरी तिच्या पोटाखाली रुपयाएवढी पांढरी चपटी पिशवी दिसेल. त्यात तिची अंडी आहेत. ती पिशवी टाकून ती पळत नाही. तारीख लिहा. ती कुठे बसते, किती दिवस पिशवी बाळगते, पिले कधी फुटतात, ते रोज निजण्यापूर्वी लिहा. दुसरे, गावाबाहेर बाभळीच्या-बोरीच्या काट्यांत मळकट चिंधीच्या गोळ्यासारखे जाळे असते. पोरे त्यावर दगड मारतात. त्यात शेकडो कोळी एकत्र राहतात, एकत्र शिकार करतात, एकमेकांची पिले सांभाळतात. कोळ्यांच्या जातीत ही फार दुर्मिळ चाल आहे. एखादा टोळ जाळ्यात अडकला की किती जण धावून येतात, ते मोजा. हात लावायचा नाही, काडी खुपसायची नाही. आणि आईला आधी सांगून ठेवा, म्हणजे भिंतीवरच्या कोळ्यावर झाडू पडणार नाही.